कौसाकाकूचं टेबल

कौसाकाकू खांबाशी भांडायची. खांब आबांच्या ओसरीचा, आणि भांडण असायचं आबांशी. आबा तिच्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे नात्याने मोठे दीर. मोठ्या दिराशी सरळ बोलायचं नाही, त्याच्यासमोर बाजेवर किंवा खुर्चीवर बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकूने ती लग्नापासून पाळली होती आणि नवरा वारल्यावरही सोडली नव्हती. पण मनातलं मनातच ठेवायचं, असं काही त्या रीतीत नव्हतं. मग ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची, आबांकडे पाठ करायची आणि खांबाला सुनवायची.

"आरं खांबा, पेंडीची पोती तुला दिसत्यात का? मला बी दिसत्यात. मंग माज्या गायीलाच कावून दिसंनात?"

आबा खुर्चीवर बसून सुपारी कातरत असायचे. उत्तर द्यायचं तर खांबाच्या वतीने द्यावं लागलं असतं, म्हणून ते देत नसत. मला तेव्हा हसू यायचं. आता आठवलं की हसू येत नाही. एका बाईला हक्काचं मागायला लाकडाशी बोलावं लागतं आणि आपण त्याला मर्यादा म्हणतो, याचा मला अजून संताप येतो.

मी केजची. बारावी होऊन वडवणीजवळच्या या गावात सून म्हणून आले. काकूचं घर आमच्या घराच्या भिंतीला लागून होतं. उंच, काटकुळी बाई, मिसरीने काळे झालेले दात आणि कपाळावर कायमची आठी. तिला कशाचाही राग यायचा. न लागणाऱ्या कडीचा यायचा, दावं तोडणाऱ्या वासराचा यायचा. रेडिओवर कोकणात धो धो पाऊस झाल्याचं सांगितलं की ती उठून रेडिओचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवायची. पण राग आला म्हणून ती कधी हातपाय गाळून बसली नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, सारवलेली चूल पुन्हा सारवायची. एकदा मी तिला म्हटलं की काकू, माणसानं जरा शांत बसावं. तर म्हणाली, "शांत बसले की रडू येतंय. रागानं हात तरी चालत्यात."

गावात महिलांची दूध संस्था होती. महिलांची एवढ्याचसाठी, की महिलांची असली तर वरून मदत मिळायची. नावं आबांनीच गोळा केली आणि अध्यक्ष म्हणून कौसाकाकूचं नाव घातलं. मला लिहिता येत होतं म्हणून मी सचिव. काकूलाच अध्यक्ष का केलं, हे मला बरंच उशिरा कळलं. तिला आडवं येणारा नवरा नव्हता, हे एक. आणि ती आबांशी बोलू शकत नव्हती, हे खरं कारण. माणूस किती पुढचं बघतो ते बघा. दूध घ्यायचं आबांच्या ओसरीवर, तपासायचं मशीन आबांच्या टेबलावर, खुर्च्या आबांच्या. सभा भरली की त्या खुर्च्यांवर सभासद बायांचे नवरे, दीर आणि सासरे बसायचे. संस्थेच्या अध्यक्ष आमच्याबरोबर खाली, भिंतीला टेकून. मधेच उठून सगळ्यांचा चहाही अध्यक्षच करायच्या.

मग तो दुष्काळ आला. आधीचं वर्ष जेमतेम गेलं होतं, त्यात हे साफ कोरडं गेलं. दिवाळी झाली आणि निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघून गेलं. मागे म्हातारी माणसं राहिली, आम्ही बाया राहिलो आणि आबा व त्यांची माणसं राहिली. तालुक्याच्या दूध संघाने सभासदांच्या जनावरांसाठी पेंडीची पोती पाठवायला सुरुवात केली. पोती उतरायची आबांच्या ओसरीवर आणि तिथून जायची आबांच्या माणसांच्या गोठ्यात. ज्यांनी संस्थेला कधी लिटरभर दूध घातलं नाही, त्यांच्या म्हशी ती पेंड खात होत्या. आणि काकूची तांबडी, जी फाके पडत असतानाही रोज थोडं का होईना दूध देत होती, ती कडब्याचे बुडखे चघळत उभी होती. काकू सारखी खांबाकडे जाऊन येत होती. खांब तरी काय करणार?

संघाचा सुपरवायझर अधूनमधून यायचा. तो काही नात्यातला नव्हता, त्याच्याशी बोलायला बंदी नव्हती. काकूने त्याला रस्त्यातच गाठलं. दूध घ्यायचं केंद्र आबांच्या घरातून उचला आणि समाजमंदिरात आणा, जागा सगळ्यांची आहे, किल्ली आम्ही बाया ठेवू, पोतीही तिथेच उतरू द्या, असं तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला की माझी काही हरकत नाही, पण मशीनला पक्कं टेबल लागतं, हललं की माप चुकतं. समाजमंदिरात एका फाटक्या सतरंजीशिवाय काय आहे? टेबल करा, मी दुसऱ्या दिवशी केंद्र हलवतो. हे तो हसत हसत म्हणाला. त्याला वाटलं विषय मिटला.

टेबल विकत आणायची ऐपत आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. गावचा सुतार ऊसतोडीला गेलेला.

"मंग मीच करते," काकू म्हणाली.

बाभूळ तोडली की लगेच कामाला घेत नाहीत. खोड विहिरीत बुडवून ठेवतात. ते महिनोन्‌महिने पाण्यात मुरलं की त्याला कीड लागत नाही आणि पुढे ते तडकतही नाही. काकूच्या नवऱ्याने नव्या बैलगाडीसाठी असं एक खोड विहिरीत टाकलं होतं. मग तो गेला, गाडी राहून गेली, आणि खोड पाण्याखाली आहे हेही सगळे विसरले. त्या वर्षी विहिरीने तळ दाखवला आणि ते गाळातून वर आलं, काळंभोर, बसलेल्या म्हशीएवढं. काकू काठावरून बराच वेळ खाली बघत राहिली. मला वाटलं आता नवऱ्याच्या आठवणीने रडेल. "मेल्यानं एक तरी कामाची वस्तू ठिवली," असं म्हणून ती दोर आणायला गेली.

आम्ही बायांनीच ते ओढून काढलं. बाजारला निघालेल्या एका गाडीत घालून वडवणीच्या सॉ मिलवर नेलं आणि फळ्या पाडून आणल्या. मिलवाला कुरकुरला, की हे लाकूड नसून लोखंड आहे, माझं पातं खाणार. काकूने त्यालाही दोन शब्द ऐकवले.

हत्यारं होती सुताराच्या आईकडे, सरूआजीकडे. सुतार आपली हत्यारं दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, आणि विधवेच्या हाती तर नाहीच नाही. काकू तिच्या दारात जाऊन उभी राहिली, मागितलं काहीच नाही. सरूआजीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली की मीही तुझ्यासारखीच आहे, माझा हात रोज लागतोच की त्यांना. घेऊन जा, फक्त धार घालवू नको. धार पहिल्याच दिवशी गेली.

काकूला टेबल करता येत नव्हतं, हे मी स्पष्टच सांगते. पुढे गावात तिच्या कसबाच्या गोष्टी रंगवून सांगायला लागले, त्या सगळ्या थापा आहेत. पायाचं टोक पातळ करून ते आडव्या पट्टीच्या भोकात बसवायचं, एवढंच काम. पण तिने पटाशीने पाडलेलं पहिलं भोक तिरपं गेलं. दुसऱ्या पायाचं टोक तिने रागाच्या भरात इतकं तासलं की ते भोकात खुळखुळायला लागलं, मग त्यात पाचर ठोकावी लागली. रंधा फळीवर चालायच्या ऐवजी रुतून बसायचा. खिळे बाभळीत शिरायचेच नाहीत, मान टाकायचे. काकू त्या खिळ्याला आणि तो बनवणाऱ्याला शिव्या घालायची, दगडावर ठेवून खिळा सरळ करायची आणि पुन्हा ठोकायची. सरूआजी लिंबाच्या सावलीला बसून हे बघत असायची. बऱ्याच दिवसांनी ती सहज म्हणाली, की अगं, आधी गिरमिटाने भोक पाडायचं असतं. काकू भडकली. हे आधी सांगायला काय झालं होतं? सरूआजी म्हणाली की मला वाटलं तुला खिळ्यांशी भांडायची हौस आहे.

टँकरवर जाणारे लोक थांबून मजा बघायचे. आबांचा मुलगा मोटारसायकल उभी करून विचारायचा की काकू, खुर्च्या पण करणार का, आम्हाला लग्नाला लागतात. बाकीचे हसायचे. ज्यांनी आयुष्यात घरची फळी कधी नीट ठोकली नव्हती, ते सगळे.

शिमग्याच्या तोंडावर तांबडी बसली ती उठलीच नाही. काकू तिच्या मानेखाली हात घालून तिच्यावरही रागावत होती. ऊठ म्हणत होती, टेबल होत आलंय, केंद्र हलतंय, पेंड येतीय, थोडा दम धर. गाय संध्याकाळी मेली. आबांच्या ओसरीवर त्या दिवशी पेंडीच्या पोत्यांची थप्पी छताला टेकली होती, मी स्वतः पाहिली. ती गाय दुष्काळाने मेली असं गाव म्हणतं. मी म्हणत नाही. समोर चारा असताना जनावर उपाशी मरतं तेव्हा त्याला माणसाने मारलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा रंधा मारायला बसली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आता तुम्हाला टेबल कशाला हवं, तुमची तर गाय गेली.

"बाकीच्यांच्या हायत का न्हाईत?" ती वर न बघता म्हणाली.

टेबलाची उंची ठरवायची राहिली होती. काकू भिंतीला टेकून मांडी घालून बसली, सभेत बसायची तशीच. लिहिताना धरावा तसा हात पुढे धरला आणि सरूआजीला भिंतीवर कोळशाने खूण करायला लावली. त्या खुणेवर पाय कापले. टेबल उभं राहिलं तेव्हा आम्ही सगळ्या त्याच्याभोवती बसून पाहिलं. हात बरोबर पुरत होता. फळ्या थोड्या वरखाली होत्या, पण टेबल जागचं तसूभर हलत नव्हतं. झकास झालं, असं आमचं एकमत झालं. काही चुकलंय असं आमच्यातल्या एकीलाही वाटलं नाही. टेबलाशी खुर्चीवर बसतात हे आम्ही जन्मभर पाहत आलो होतो, पण आमच्यातली एकही कधी तशी बसली नव्हती.

ठरल्या दिवशी आम्ही ते वाजतगाजत नाही, पण बऱ्यापैकी मिरवत समाजमंदिरात नेलं. सुपरवायझर मशीन घेऊन आला. त्याला शब्द पाळावाच लागला. आबा आले, गावातले पुरुष आले. आबांची खुर्ची त्यांच्या गड्याने आणून टेबलापाशी ठेवली, आबा बसले, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं. टेबल त्यांच्या गुडघ्याच्याही खाली होतं.

"सायब, हे टेबल हाय का जेवायचा पाट?" आबा सुपरवायझरला म्हणाले.

जे हसले ते खोकला लागेपर्यंत हसले. आबांचा मुलगा तर भिंत धरून हसत होता. माझ्या डोक्यात रक्त चढलं. त्या टेबलासाठी एका बाईच्या तळहाताची साल गेली होती, गाय गेली होती, आणि ही माणसं उंचीवर हसत होती. काकू टेबलाकडे बघत होती. मग तिने खुर्चीकडे बघितलं. आपली चूक काय झाली ते तिला त्या वेळी कळलं असावं, तिची मान क्षणभर खाली गेली. समाजमंदिरालाही खांब आहेत. मला वाटलं आता ती खांबाकडे वळणार. ती वळली नाही. टेबलापाशी मांडी घालून बसली, पदर सारखा केला, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा आबांच्या तोंडाकडे बघून बोलली.

"आबा, खुर्चीवरून हात पुरतोय का बघा. न्हाई पुरला तर खाली या."

हसणं थांबलं. भावजय सरळ बोलली तर काय उत्तर द्यायचं, याची आबांना सवयच नव्हती. सुपरवायझरला मात्र मी मानलं. त्याने एका ताटलीत पाणी मागवलं, ताटली टेबलावर ठेवली आणि वाकून पाणी कुठल्या काठाला जातं ते बघितलं. पाणी सगळीकडे सारखं होतं. मग त्याने चपला काढल्या, खाली बसला आणि मशीन मांडलं. म्हणाला की मशीनला सपाट जागा लागते, उंची त्याने कधी विचारलेली नाही. केंद्र हलवल्याच्या कागदावर सह्या करायची वेळ आली तेव्हा आबांनी खुर्चीवरून वाकून बघितलं. टोपी सांभाळत त्यांना पार ओणवं व्हावं लागलं. खाली बसणं त्यांना कमीपणाचं वाटलं. शेवटी ते उठले आणि भिंतीशी उभे राहिले.

तेव्हापासून सभा खालीच भरायला लागली. ज्याला बोलायचं असेल त्याने मांडी घालायची. माणूस आपल्यासमोर जमिनीवर बसला की त्याला प्रश्न विचारायला भीती वाटत नाही, हे आम्हाला तिथे कळलं. ज्या बाया कधी ओठ उघडत नव्हत्या त्या, पोती किती आली आणि कुणाकडे गेली, हे विचारायला लागल्या. पेंड दुधाच्या हिशोबाने वाटली जाऊ लागली. वाटायची काकू. स्वतःच्या घरी तिने मूठभरही नेली नाही, गोठा रिकामाच होता. बाकीच्यांच्या गायी त्या उन्हाळ्यातून निघाल्या. बाहेरचे पाहुणे आले की आबा त्यांना समाजमंदिरात आणून ते टेबल दाखवायचे. आमच्या मार्गदर्शनाखाली महिलांनी केलं, असं सांगायचे.

पाऊस झाला. पोळ्याच्या आसपास वार्षिक सभा भरली. आबा उभेच होते. त्यांनी शांतपणे नियम सांगितला, की जो सभासद दूध घालत नाही त्याला संचालक मंडळावर राहता येत नाही. अध्यक्षांनी शिमग्यापासून थेंबभर दूध घातलेलं नाही. बस, एवढंच बोलले. त्यांना ओरडायची गरज नव्हती. गाय आधी मारायची आणि मग गाय नाही म्हणून बाईला बाहेर काढायचं, आणि हे सगळं नियमात बसवायचं, याला किती थंड डोकं लागत असेल!

आम्ही गप्प बसलो नाही. गाय कुणामुळे मेली ते आम्ही त्यांच्या तोंडावर विचारलं. नव्या गायीसाठी काकूने विकास सोसायटीकडे कर्जाची मागणी केली होती, ती कुणी दाबून ठेवली तेही विचारलं, कारण तिथेही चेअरमन आबाच. शांताबाई म्हणून आमच्यातली एक सभासद होती. ती म्हणाली की उद्यापासून आम्ही सगळ्या आपापल्या चरवीतलं थोडं थोडं दूध काकूच्या नावाने घालू, मग कुठला नियम आडवा येतो बघू. सगळ्या बाया हो हो म्हणाल्या. आबांच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं.

ते काकूनेही पाहिलं. "तसलं काय बी करू नका," ती म्हणाली. "माज्या नावानं खोटं दूध घातलं, तर तेच दाखवून हे उद्या संस्थाच बंद करतेल. ह्येंना तेच पायजे."

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सुपरवायझर मान खाली घालून बसला होता, नियम होताच तसा. काकूने कमरेची किल्ली काढली, शांताबाईच्या हातात दिली आणि निघून गेली. मला ते सहन झालं नाही. मी तिच्या मागे गेले तर ती अंगणात नुसती उभी होती. झाडू भिंतीला टेकवलेला होता, तिने तो हातातही घेतला नव्हता.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला तेव्हा काकूही ऊसतोडीला निघाली. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात; तिच्या जोडीला माणूस नाही म्हणून ती अर्ध्या कोयत्यावर. या वयात कशाला, असं सगळ्यांनी म्हणून बघितलं. इथे राहून करू काय, असं ती म्हणाली.

मी भाकरीचं गाठोडं घेऊन वडवणीच्या रस्त्यावर फाट्यापर्यंत गेले. ट्रक भांड्यांनी, बोचक्यांनी, शेळ्यांनी आणि माणसांनी शिगोशिग भरला होता. त्याच सकाळी गावात दवंडी झाली होती, की आबा आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ समाजमंदिराला खुर्च्या भेट देणार आहेत आणि जोडीला एक मोठं टेबल. काकूच्या कानावर ते गेलेलं होतं. तिने वरूनच हात खाली घालून गाठोडं घेतलं आणि माझं मनगट धरलं.

"सुने, एक बी खुर्ची आत येऊ दिऊ नको. एक आली की तुमी समद्या परत भिंतीला बसताल."

मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की तिला माझा अजिबात भरवसा नाही हे मला कळलं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, ती त्याच्यावर खेकसली की पोरं नीट बसू दे आधी. पोरं बसली, शेळ्या बसल्या. तिला बसायला जागा उरली नव्हती. फळकुटाला धरून काकू उभी राहिली, आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत मला ती उभीच दिसत होती.